नावडीची क्रियाविशेषणे आणि हरवलेला अनुभोक्ता

१

देहूहून आळंदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर तळवडे लागते. इंद्रायणीच्या परिसरातील हे शेतीचे गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आले. आज तेथे लघुउद्योगांच्या शेड आहेत, सॉफ्टवेअर पार्क आहे आणि निरनिराळ्या प्रांतांतून पोटासाठी आलेली माणसे आहेत. तुकारामांचे देहू जेथून काही किलोमीटरांवर आहे अशा या गावात कार्यालयातील इंग्रजी, कारखान्यातील हिंदी आणि घरातील मराठी एकाच दिवसात एकाच माणसाच्या तोंडी येतात. भाषांतर ही तेथे केवळ अभ्यासक्रमातील एक प्रश्नपत्रिका राहत नाही. ती रोजची गरज होऊन बसते. म्हणून एका भाषिक प्रश्नाचा विचार करण्यासाठी तळवड्यातील एक प्रसंग कल्पिणे सोयीचे होईल.

एखाद्या शेडमध्ये जेवणाची सुटी झाली आहे. दूरच्या प्रांतातून आलेल्या एका कामगाराने आपला डबा उघडला. डब्यात सुकी मासळी आहे. शेजारी बसलेल्या दुसऱ्या कामगाराने तोंड फिरवले. घडले ते एवढेच. परंतु मराठीत त्याचे वर्णन किमान तीन प्रकारांनी करता येते :

(अ) त्याने तिरस्काराने तोंड फिरवले.
(आ) त्याला किळस आली आणि त्याने तोंड फिरवले.
(इ) डबा किळसवाणा होता, म्हणून त्याने तोंड फिरवले.

प्रसंग तोच असला तरी दोषाचे वाटप तिन्ही वाक्यांत सारखे नाही. पहिल्या वाक्यात तोंड फिरवणारा आपल्या कृतीला जबाबदार आहे. दुसऱ्यात त्याच्यावर काहीतरी आपसूक ओढवले आहे. तिसऱ्यात तो जवळजवळ निर्दोष ठरतो आणि सारा दोष डब्याकडे, पर्यायाने डबा आणणाऱ्याकडे जातो. तीव्र नावड व्यक्त करताना भाषा हे वाटप कोणत्या साधनांनी करते, आणि इंग्रजीतील क्रियाविशेषण मराठीत आणताना त्याची उलथापालथ कशी होते, हा प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

२

प्रथम इंग्रजीकडे पाहू. इंग्रजीत '-ली' हा प्रत्यय लागून नावडीची क्रियाविशेषणे विपुल प्रमाणात सिद्ध होतात. वरवर पाहता ती एकमेकांची समानार्थी वाटतात; परंतु त्यांत दोन स्पष्ट कुळे आहेत. 'डिसगस्टेडली', 'कंटेम्प्ट्युअसली', 'लोदिंगली' ही क्रियाविशेषणे ज्याच्या मनात नावड आहे त्याच्याविषयी बोलतात. 'डिसगस्टिंगली', 'कंटेम्प्टिबली', 'डिटेस्टेबली', 'अ‍ॅबॉमिनेबली' ही मात्र ज्याच्याविषयी नावड वाटावी त्याच्याविषयी बोलतात. 'कंटेम्प्ट्युअसली' वागणारा दुसऱ्याला तुच्छ लेखत असतो. 'कंटेम्प्टिबली' वागणारा स्वतःच तुच्छ ठरलेला असतो. या जोडीत गल्लत होऊ नये म्हणून इंग्रजी शब्दप्रयोगांची मार्गदर्शक पुस्तके वाचकाला आवर्जून सावध करतात, यावरून ही गल्लत खुद्द इंग्रजी भाषकांकडूनही होते हे उघड आहे. 'हेटफुल' या विशेषणाच्या इतिहासात तर द्वेषाने भरलेला आणि द्वेष उत्पन्न करणारा असे दोन्ही अर्थ एकत्र नांदले आहेत.

यात आणखी एक गुंता आहे. 'डिसगस्टिंगली' हे क्रियाविशेषण वाक्याच्या शेवटी, क्रियापदाजवळ आले तर ते कृतीची रीत सांगते. तेच वाक्याच्या आरंभी येऊन स्वल्पविरामाने वेगळे झाले की ते निवेदकाचे मत सांगू लागते. म्हणजे नावड बाळगणारी तिसरी व्यक्ती, निवेदक, येथे प्रवेश करते. मात्र वाक्यात तिला नाव नसते, सर्वनामही नसते. इंग्रजी क्रियाविशेषणाची सोय आणि धोका या दोन्ही गोष्टी येथेच आहेत. ते थोडक्यात पुष्कळ सांगते, पण नावड कोणाची हे सांगण्याची सक्ती बोलणाऱ्यावर करीत नाही.

अतिवापराने या शब्दांची धारही बोथट होते. 'ऑफुली' आणि 'टेरिबली' ही मूळची भयवाचक क्रियाविशेषणे आज केवळ 'फार' एवढाच अर्थ देतात. 'डिसगस्टिंगली रिच' म्हणताना बोलणाऱ्याला किळस आलेली नसते. थोडी असूया आणि थोडी थट्टा असते. मराठीनेही भयाचे शब्द असेच झिजवले आहेत. 'भयंकर आवडले' हे आता कोणालाही खटकत नाही. किळसेच्या शब्दांना मात्र मराठीत ही झीज फारशी लागलेली नाही. 'किळसवाणा श्रीमंत' असे म्हटले तर ऐकणारा त्या माणसाचे रूप किंवा वागणे डोळ्यांसमोर आणील, त्याच्या संपत्तीचे मोजमाप करणार नाही.

दोन्ही भाषांत एक साम्यस्थळही आहे, आणि ते मोठे बोलके आहे. इंग्रजीत 'कॉर्डियली' हे क्रियाविशेषण स्वागताबरोबर जसे येते तसेच तिटकाऱ्याबरोबरही येते; कारण त्याच्या मुळाशी हृदयवाचक लॅटिन शब्द आहे. मराठीतील 'मनापासून' हे अव्ययही असेच दोन्हींकडे चालते : 'मनापासून स्वागत' आणि 'मनापासून तिटकारा'. 'मनस्वी तिटकारा' या प्रयोगातील 'मनस्वी' त्याच घराण्यातला. मराठी भाषकाला नावड तीव्र करावयाची असली की तो तिला मनाशी, म्हणजे ती बाळगणाऱ्याशी, अधिक घट्ट बांधतो.

३

मराठीची मूळ प्रवृत्ती कोणती, हे यावरून दिसू लागते. शालेय व्याकरणांतून रूढ झालेल्या वर्गीकरणात 'तिरस्काराने', 'किळसवाणेपणाने', 'नाक मुरडून' या सर्वांना रीतिवाचक म्हणून एकाच खणात टाकता येते. 'रीत कोणती?' या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळते. 'नावड कोणाची?' हा प्रश्न मात्र त्या वर्गीकरणात उपस्थितच होत नाही. तो उपस्थित करावयाचा तर क्रियाविशेषणापासून मागे जाऊन क्रियापदापर्यंत पोहोचावे लागते.

मराठीत तीव्र नावड दाखविणाऱ्या नामांचे, त्यांच्याबरोबर येणाऱ्या क्रियापदांच्या आधारे, दोन गट पाडता येतात. शिसारी येते, वीट येतो, उबग येतो, किळस येते. येथे ज्याला अनुभव येतो तो चतुर्थीत असतो : 'मला', 'त्याला', 'आईला'. या चतुर्थ्यंत अनुभोक्त्याचा दक्षिण आशियाई भाषांच्या संदर्भात बराच विचार झाला आहे. मनिंद्र वर्मा आणि के. पी. मोहनन यांनी संपादित केलेला १९९० चा लेखसंग्रह या एकाच विषयाला वाहिलेला आहे. दुसऱ्या गटात तिरस्कार करणे, द्वेष करणे, हेटाळणी करणे, तुच्छ लेखणे हे प्रयोग येतात. येथे अनुभोक्ता हाच कर्ता असतो. पहिल्या गटातील नावड माणसावर येते. दुसऱ्या गटातील नावड माणूस करतो. 'शिसारी करू नकोस' असे कोणी म्हणत नाही, कारण जे आपसूक येते त्याला मनाई करता येत नाही. 'द्वेष करू नकोस' असे मात्र म्हणता येते. 'किळस' हा शब्द या दोन्ही गटांच्या सीमेवर उभा आहे. एरवी किळस 'येते'. पण उपदेश करताना 'कामाची किळस करू नये' असे म्हटले जाते. ज्या क्षणी समाजाला किळसेला जबाबदार धरावेसे वाटते, त्या क्षणी भाषा 'येणे' सोडून 'करणे' स्वीकारते.

क्रियाविशेषणांच्या घडणीतही हा भेद उतरतो. 'करणे' गटातून सहज निघतात ती तृतीयान्त रूपे : तिरस्काराने, द्वेषाने, तुच्छतेने. 'येणे' गटातून सहज निघतात ती ऊनप्रत्ययान्त रूपे : विटून, उबगून, किळसून. हा काटेकोर नियम नव्हे, कल आहे. 'तिटकाऱ्याने' किंवा 'कंटाळ्याने' अशी रूपे त्याला छेद देतातच. तरीही अर्थातील अंतर लक्षणीय आहे. 'विटून निघून गेला' या वाक्यात वीट आधी आला आणि जाणे त्यातून घडले, असा कार्यकारणभाव आहे. 'तिरस्काराने पाहिले' या वाक्यात तिरस्कार आणि पाहणे एकाच क्षणी आहेत. तिरस्कार त्या पाहण्यातच आहे. म्हणूनच 'विटून पाहिले' हे मराठी कानाला अपुरे वाटते.

तिसरे साधन देहाचे. नाक मुरडून, तोंड वाकडे करून, कपाळाला आठ्या घालून, थू म्हणून. बोलीत आणि चांगल्या कथात्म गद्यात नावडीचे क्रियाविशेषण बहुधा याच वाटेने येते. ते भावनेचे नावही घेत नाही. चेहरा दाखवते आणि थांबते. तुकारामांच्या ढोंगावरील प्रहारांतही हीच प्रवृत्ती उग्र रूपात दिसते. तेथे 'जळो' यासारखे क्रियापद एकटेच जे साधते, त्याला रीतिवाचक अव्ययाची जोड लागत नाही.

४

या तीन साधनांची व्यवस्था लावण्यासाठी परकीय परिभाषेकडे धाव घेण्याचे कारण नाही. साहित्यशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला परिचित असलेले भरताचे रससूत्र येथे उपयोगी पडते. बीभत्स रसाचा स्थायी भाव जुगुप्सा. ज्याच्यामुळे ती जागृत होते तो विभाव. ती ज्या आंगिक विकारांतून प्रकट होते, म्हणजे अंग आक्रसणे, तोंड वळवणे, थुंकणे, ते अनुभाव. या चौकटीत पाहिले तर 'तिरस्काराने' हे स्थायी भावाचे क्रियाविशेषण ठरते, 'किळसवाणेपणाने' हे विभावाचे आणि 'नाक मुरडून' हे अनुभावाचे. नाट्यविचारातील संज्ञा व्यवहारभाषेला लावताना सावध राहावे लागते हे खरे. परंतु भाव कोणाच्या ठायी आहे आणि विभाव कोणाच्या ठायी, हा विवेक दोन्हीकडे सारखाच मोलाचा आहे.

हे साम्य आणखी एक पाऊल पुढे नेता येते. भट्टनायकाने मांडलेल्या साधारणीकरणाच्या कल्पनेनुसार काव्यनाट्यातील भाव 'माझा' किंवा 'त्याचा' राहत नाही. व्यक्तिसंबंधातून मुक्त होऊन तो सर्व सहृदयांचा होतो. कलेत ही मुक्ती आस्वादाची अट आहे. व्यवहारात मात्र विभाववाचक विशेषण तिची नक्कल करते. 'डबा किळसवाणा आहे' असे म्हणणारा आपली किळस सर्वांची म्हणून मांडतो. 'मला' हा शब्द गाळून तो एका माणसाच्या सवयीला वस्तूचा धर्म बनवतो. ज्या घरात ती मासळी रोज शिजते, तेथील माणसे त्या 'सर्वां'त धरलेलीच नसतात. याला खोटे साधारणीकरण म्हणावे लागेल.

५

भाषांतराच्या वर्गात या विवेकाअभावी काय घडते ते आता पाहता येईल. इंग्रजीत '-ली' दिसले की मराठीत '-पणे' किंवा '-रीत्या' जोडावयाचे, हा यांत्रिक परिपाठ उत्तरपत्रिकांतून, अनुवादित लेखांतून आणि कार्यालयीन मराठीतून रुळला आहे. 'त्याने घृणास्पदरीत्या तिच्याकडे पाहिले' असे वाक्य लिहिणाऱ्याला 'त्याने घृणेने पाहिले' असे म्हणावयाचे असते. पण 'आस्पद' म्हणजे स्थान. घृणास्पद म्हणजे घृणेचे स्थान झालेला, घृणेला पात्र. म्हणजे लिहिणाऱ्याने नकळत पाहणाऱ्यालाच घृणेला पात्र ठरवले. 'तिरस्करणीयपणे बोलला' या प्रयोगाची गतही तीच. 'अनीय' प्रत्ययाने तिरस्काराची दिशाच फिरते. 'निर्लज्जपणे' किंवा 'उघडपणे' ही रूपे निर्दोष आहेत, कारण तेथील गुण कर्त्याचा किंवा कृतीचाच असतो. '-पणे' हा प्रत्यय गुण कर्त्याच्या पदरात टाकतो. तो गुण खरोखर कोणाचा हे तपासण्याचे काम लिहिणाऱ्याचे आहे.

या घोटाळ्याचे एक भावंड नावडीच्या शेजारीच, संशयाच्या घरात राहते. इंग्रजी 'सस्पिशसली' हे क्रियाविशेषण संशय घेणारा आणि संशय यावा असे वागणारा या दोघांनाही लागू पडते. मराठीत 'संशयाने' आणि 'संशयास्पदरीत्या' अशी स्वच्छ वाटणी आहे. तरीही 'संशयास्पदरीत्या फिरताना आढळला' या बातमीतील ठरीव प्रयोगाकडे निरखून पाहावे. त्यात संशय घेणारा कोण? वाक्यात तो कोठेच नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींच्या फिरण्यालाच संशयाचे स्थान ठरवले होते. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. कायदा रद्द झाल्याने असा वाक्यप्रकार आपोआप रद्द होत नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) वाचताना या प्रयोगाची दुसरी बाजू कळते, कारण तेथे ज्याच्यावर संशय घेतला गेला तोच निवेदक आहे.

६

येथवरच्या विवेचनावरून इंग्रजी भाषा अनुभोक्त्याला लपवते आणि मराठी त्याला प्रामाणिकपणे पुढे आणते, असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो टाळला पाहिजे. ज्या मराठीने 'मला किळस येते' ही रचना दिली, तिच्यातच 'विटाळ' हा शब्दही आहे. विटाळ 'होतो'. ज्याला तो होतो तो चतुर्थीत असतो. पण येथील चतुर्थी नावड बाळगणाऱ्याची नसून जणू इजा झालेल्याची असते. 'मला विटाळ झाला' असे म्हणणारा आपल्या मनातील नावड सांगत नाही. आपल्याला दुसऱ्याकडून काहीतरी लागले अशी तक्रार करतो. नावड पूर्णपणे समोरच्या देहात, त्याच्या सावलीत, त्याने स्पर्शिलेल्या पाण्यात जाऊन बसते. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी प्याले, आणि त्यानंतर सवर्णांनी त्या तळ्याचे 'शुद्धीकरण' केले. हा विधी म्हणजे नावडीला पाण्याचा गुणधर्म मानण्याची पराकाष्ठा होती.

मराठी साहित्यात या रचनेला उत्तर देण्याची परंपराही तितकीच जुनी आहे. चोखामेळ्याने आणि सोयराबाईने विटाळाविषयी जे प्रश्न विचारले, त्यांचा रोख विटाळ नेमका कोठे आहे हे शोधण्याकडे आहे. ही शंका धार्मिक आहे तशीच भाषिकही आहे. पुढे 'बलुतं' (१९७८), 'अक्करमाशी' (१९८४), 'जिणं आमुचं' (१९८६) आणि 'आयदान' (२००३) या आत्मकथनांनी विभाव मानल्या गेलेल्या माणसालाच निवेदक केले. या परिवर्तनाची चर्चा आशयाच्या अंगाने पुष्कळ झाली आहे. त्याचे व्याकरणिक अंग मात्र दुर्लक्षित राहिले. ज्याच्याविषयी किळस वाटावी असे समाजाने ठरवले होते, तो बोलू लागला की 'किळसवाणे' हे विशेषण निरपेक्ष राहू शकत नाही. वाचकाला लगेच विचारावे लागते : कोणाला किळसवाणे?

ही आत्मकथने इंग्रजीत गेली तेव्हा हा प्रश्न अनुवादकापुढे उभा राहणे अटळ होते. संतोष भूमकर यांनी केलेला 'अक्करमाशी'चा अनुवाद २००३ मध्ये आला; माया पंडित यांचे 'जिणं आमुचं' आणि 'आयदान' यांचे अनुवाद २००८ मध्ये आले. मराठीतील चतुर्थ्यंत अनुभोक्ता इंग्रजीत नेताना त्याला कर्ता करावे लागते, नाहीतर क्रियाविशेषणात विरघळू द्यावे लागते. या दोन वाटांतून प्रत्येक ठिकाणी कोणती वाट निवडली गेली, याचा तौलनिक अभ्यास पदव्युत्तर पातळीवरील प्रबंधिकेसाठी उत्तम विषय होऊ शकेल.

७

या मांडणीवर एक आक्षेप अपेक्षित आहे. '-पणे' आणि '-रीत्या' यांच्यावाचून आधुनिक मराठी गद्याचे चालणार नाही. शास्त्रीय व प्रशासकीय लेखनाला अशी सुटसुटीत रूपे हवीच असतात. त्यांना विरोध करणे म्हणजे भाषाशुद्धीचे जुने वेड पुन्हा उकरून काढणे होय. आक्षेपाचा पूर्वार्ध मान्य करावयास हवा. प्रत्यय दोषी नाहीत आणि संस्कृत वळणाची रूपेही दोषी नाहीत. 'तिरस्कारपूर्वक' हे रूप थोडे ताठर असले तरी अर्थाने अचूक आहे. प्रश्न शुद्धतेचा नसून जबाबदारीचा आहे. 'पाहणाऱ्याला किळस यावी अशा रीतीने तो जेवत होता' हे वाक्य 'डिसगस्टिंगली' या एका शब्दापुढे लांबलचक दिसते. परंतु त्या लांबीत 'पाहणाऱ्याला' हा एक शब्द आहे, आणि त्या एका शब्दासाठी ती लांबी सोसण्यासारखी आहे.

म्हणून भाषांतराच्या अध्यापनात नावडीचे क्रियाविशेषण समोर आले की विद्यार्थ्याला शब्दकोश उघडण्यापूर्वी तीन प्रश्न विचारण्याची सवय लावावी. नावड कोणाला वाटते? ती कोणाविषयी वाटते? आणि हे सांगतो कोण? मोल्सवर्थ आणि कँडी यांच्या १८४७ च्या इंग्रजी-मराठी कोशापासून आजच्या कोशांपर्यंत कोणताही द्वैभाषिक कोश शब्दाला शब्द देतो. हे त्याचे कामच आहे. या तीन प्रश्नांची उत्तरे कोशात नसतात, वाक्यात असतात. आणि कधी कधी वाक्यातही नसतात, तेव्हा ती प्रसंगात शोधावी लागतात.

तळवड्यातील त्या शेडमध्ये जेवणाची सुटी संपत आली असेल. तोंड फिरवणाऱ्याला आलेली किळस खरी असू शकते. सवयीने घडलेली जीभ आणि नाक यांना एका दिवसात बदलता येत नाही, आणि 'मला किळस येते' असे म्हणण्याचा अधिकार त्याला आहे. त्या वाक्यात निदान 'मला' आहे, आणि म्हणून शेजाऱ्याला 'मला नाही येत' असे उत्तर देण्यास जागा आहे. 'हे किळसवाणे आहे' या वाक्याने ती जागा बंद होते. डबा उघडणाऱ्यापुढे मग तो मिटून घेणे एवढाच पर्याय उरतो. भाषेच्या अध्यापकाला त्या दोघांच्या जिभेची चव बदलता येणार नाही. ही जागा कोणत्या शब्दाने उघडते आणि कोणत्या शब्दाने मिटते, हे दाखवून देणे मात्र त्याच्या कक्षेतले काम आहे.